कोलेस्टेरॉलवाढ

रक्तातील कोलेस्टेरॉल, विशेषतः त्यातला एलडीएल (‘वाईट’ म्हणून ओळखला जाणारा) हा भाग, प्रमाणाबाहेर जाणे म्हणजे कोलेस्टेरॉलवाढ. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ मुळात शत्रू नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणाला तो लागतो आणि पित्तरस, ड जीवनसत्त्व व अनेक संप्रेरके त्यापासूनच बनतात. गरजेपैकी बराचसा भाग यकृत स्वतः तयार करते, म्हणून मटणाला कधीही हात न लावलेल्या माणसाचा रिपोर्टही वाढलेला येऊ शकतो. कोल्हापुरात अशा वेळी ‘मी तर माळकरी’ हे वाक्य हमखास ऐकू येते.

एलडीएलचे कण यकृतातून पेशींकडे कोलेस्टेरॉल पोचवतात. उरलेले कण रक्तातून परत उचलण्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राहके असतात. या ग्राहकांच्या शोधाबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राहके कमी पडली की कण रक्तात रेंगाळतात, रोहिणीच्या (धमनीच्या) अस्तराखाली शिरतात, तिथे दाह होतो आणि थर साचतो. हा थर फुटून त्यावर गुठळी झाली की हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येतो. तोवर काहीच दुखत नाही. क्वचित पापण्यांवर पिवळट चट्टे दिसतात, एवढेच.

संपृक्त मेद, म्हणजे लोणी, तूप, चरबी यांतला थंडीत गोठणारा मेद, या ग्राहकांचे काम मंद करतो. त्यामुळे ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ताटातला संपृक्त मेद सहसा जास्त नडतो. कोल्हापुरी जेवणाचा हिशेब याच नजरेने मांडायला हवा. बदनाम होतो तो तांबडा रस्सा, पण वरचा तेलाचा तवंग बाजूला सारला तर खाली बहुतांशी मसाला आणि मटण शिजवलेले पाणीच असते. सात्त्विक वाटणाऱ्या पांढऱ्या रश्श्यात मात्र नारळाचे दूध असते, आणि नारळाचा मेद जवळजवळ सगळा संपृक्त. सुक्क्यातले चरबीचे तुकडे, कलेजी आणि भेजा यांचा हिशेब वेगळा. मिसळीचा कट शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलाचा असला तर एलडीएलला तितका बाधत नाही, उष्मांक मात्र भरपूर देतो. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तळणीचे तेल यांतला ट्रान्स मेद सर्वांत वाईट. तो एलडीएल वाढवतो आणि एचडीएल (जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारा ‘चांगला’ भाग) घटवतो. तेला-तुपांतील त्याची मर्यादा भारतात 2022 पासून 2 टक्के आहे. तेलाच्या डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द निव्वळ जाहिरात. कोणत्याही वनस्पती तेलात ते नसतेच म्हटले तरी चालेल. थोडक्यात, रविवारच्या एका रश्श्यापेक्षा रोजची साय, लोणी, खारी-बटर आणि फरसाण यांच्याकडे आधी पाहावे.

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती रुजली; खासबाग मैदान 1912 मधले. पैलवानांचा खुराक म्हणजे म्हशीचे दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण. हजारो जोर-बैठका मारणाऱ्याला तो पचतो. अडचण होते ती लाल माती सुटल्यावर, कारण मेहनत थांबते आणि खुराक तसाच राहतो. गंगावेशीत उभ्याने धारोष्ण दूध पिणाऱ्या, पण तालमीशी संबंध नसलेल्या गिऱ्हाइकालाही हेच लागू.

तपासणीला ‘लिपिड प्रोफाइल’ म्हणतात आणि पहिल्या तपासणीला सहसा उपाशीपोटी जावे लागत नाही. एकूण कोलेस्टेरॉल 200 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत, एलडीएल 100 च्या आत आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातला आणखी एक मेद) 150 च्या आत बरे. एचडीएल पुरुषांत 40, स्त्रियांत 50 च्या वर असावे. भारतीयांत एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त अशी जोडी बरीच आढळते, म्हणून एकूण आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. मधुमेह असला किंवा झटका येऊन गेला असला तर एलडीएल आणखी खाली, 70 किंवा 55 च्या आत, आणायला सांगतात. थायरॉईडचे काम मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल वाढते. ते आधी पाहून घेतात.

उपचारात ज्वारी-नाचणीची भाकरी, मसूर, घेवडा आणि पालेभाज्या वाढवणे, आठवड्याला किमान 150 मिनिटे दमसास लावून चालणे (रंकाळ्यावर चालून परतताना वडा खाल्ला तर हिशेब तिथल्या तिथे मिटतो), वजन उतरवणे आणि तंबाखू सोडणे हे सगळ्यांनाच. दारू आणि गोड कमी केल्याने ट्रायग्लिसराइड झपाट्याने उतरतात. एवढ्याने भागले नाही, किंवा धोका मुळातच मोठा असला, तर स्टॅटिन गटातली औषधे. या गटातले पहिले औषध जपानच्या अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात बुरशीतून वेगळे केले. स्टॅटिन यकृतातले उत्पादन रोखते, त्यामुळे ग्राहके वाढतात आणि एलडीएल मात्रेनुसार 30 ते 50 टक्के किंवा अधिक उतरते. काहींचे स्नायू दुखतात; अशा वेळी मात्रा किंवा औषध बदलून मिळते. गरोदरपणात ते सहसा थांबवतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून गोळी परस्पर बंद करणे ही सर्रास होणारी चूक. काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो.

एलडीएल 190 च्या वर असेल तर आनुवंशिक दोषाची शंका घेतात. तो साधारण 250 माणसांत एकाला असतो आणि नुसत्या पथ्याने आटोक्यात येत नाही. अशा रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करतात.