भांगलण (भाजीपाला, हळद व आले पिकांतील)

उभ्या पिकातले तण खुरप्याने काढण्याच्या कामाला सातारा-सांगलीकडे भांगलण म्हणतात. ऊसही भांगलावा लागतो, पण त्याने एकदा सरीवर सावली धरली की तणाचे फारसे चालत नाही. कांदा-लसणाला ती सोय नाही. पाने उभी आणि निमुळती, त्यामुळे वाफ्यावर ऊन पडतच राहते आणि तण काढणीपर्यंत उगवत राहते. हळदीचे वेगळेच. कोंब वर यायलाच तीन-चार आठवडे लागतात. मे महिन्यातल्या लागवडीवर वळीव पडला की रान आधी तणाने हिरवे होते.

बायका ओळीने बसतात. प्रत्येकीच्या वाट्याच्या पट्ट्याला पात म्हणतात. काम वाफशावरच, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी असतानाच, व्हावे. चिखलात खुरपे लडबडते, उपटलेले तण पुन्हा मूळ धरते. वाळल्या रानात लव्हाळ्याचे पाते तेवढे हातात येते आणि गाठ खाली राहते. लव्हाळा हे गाठींपासून वाढणारे तण कृष्णा-वारणाकाठच्या बागायतीचे जुने दुखणे. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. ट्रॅक्टरमागचा माती घुसळणारा रोटाव्हेटर ही माळ तोडतो आणि सुटी झालेली गाठ फुटून स्वतंत्र रोप होते. म्हणजे रान स्वच्छ दिसते, पण लव्हाळा वाढलेला असतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळे तापू देणे आणि गाठी वेचणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय. अर्धवट कुजलेल्या शेणखतातूनही तणाचे बी रानात येते.

आले-हळदीत खुरपे जपून चालवावे लागते. कंद वरच्या थरात असतो. टोक लागले तर त्या जखमेतून कंदकूज शिरते. पुढे अडीच-तीन महिन्यांनी भरणी करतात, म्हणजे पिकाच्या बुडाशी माती चढवतात. त्या मातीखाली बारीक तण दबते, मोठे मात्र आधी भांगलूनच काढावे लागते.

निघालेले सगळेच वाया जात नाही. घोळ, तांदुळजा, पाथरी भाजीला जातात. केना, हराळी म्हशीपुढे. संध्याकाळी वैरणीचा भारा घरी नेणे ही रोजगाराची वरकड कमाईच. तणनाशक मारलेल्या रानातले मात्र यातले काही उचलू नये.

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीत गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर, म्हणजे वाफा झाकणारा प्लास्टिकचा कागद, असतो. तण रोपाच्या भोकातून तेवढे डोकावते आणि हातानेच काढावे लागते. हंगामानंतर फाटलेला कागद वेचण्याचा खर्च हिशेबात सहसा कोणी धरत नाही.

तणनाशकांची निवड भाजीपाल्यात तोकडी आहे. कांद्यात पेंडीमिथॅलिन तण उगवण्याआधी, ओल्या जमिनीवर फवारतात. उगवलेल्या तणावर ते काम करत नाही. क्विझालोफॉप गवतवर्गीय तण मारते, पण लव्हाळा गवत नसल्याने त्यातून सुटतो. उसात लव्हाळ्यावर चालणारे हॅलोसल्फ्युरॉन सरसकट सगळ्या भाजीपाल्यात चालत नाही. ग्लायफोसेट निवडक नाही, पिकावर पडले तर पीकही जाते; केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रण परवानाधारकांपुरता मर्यादित केला.

खरी डोकेदुखी बांधापलीकडची. उसातल्या रुंद पानांच्या तणावर मारलेले २,४-डी वाऱ्याने शेजारच्या द्राक्षावर किंवा टोमॅटोवर गेले की कोवळी पाने आक्रसतात, शिरा जवळ येतात, शेंडा पिळवटतो. फवारणी बांधापलीकडे झालेली, त्यामुळे बागवाला आधी विषाणूरोगच समजतो. न धुतलेल्या पंपानेही हेच होते. पंपात उरलेला अंश टोमॅटोला पुरतो. म्हणून जाणते शेतकरी २,४-डीचा पंपच वेगळा ठेवतात.