टीबीच्या गोळ्या आणि कावीळ : मागची कहाणी

औषधामुळे लिव्हर बिघडलेले भारतातले रुग्ण पाहिले, तर कारण म्हणून सगळ्यांत जास्त वेळा टीबीच्या गोळ्यांचंच नाव येतं. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला बाधू शकतात, आणि घ्यावी लागतात एकत्रच.

पायराझिनामाइडची ही खोड पहिल्यापासून ठाऊक होती. १९५०च्या दशकातल्या जड डोसने इतक्यांना कावीळ झाली की औषध मागेच पडलं. १९७०च्या दशकात ते कमी डोसात परतलं आणि रिफॅम्पिसिनच्या जोडीने दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला.

आयसोनियाझिडबद्दल मात्र सगळे निर्धास्त होते. १९१२ साली प्रागमध्ये तयार झालेलं हे रसायन टीबीवर चालतं, हे कळलं १९५२मध्ये. स्वस्त, गुणकारी, मग शंका कोण घेणार? शिवाय आधीच खंगलेल्या, दोन-तीन औषधं चालू असलेल्या रुग्णाचे डोळे पिवळे झाले, तर दोष नेमका कशाला द्यायचा?

बिंग फुटलं ते धडधाकट माणसांमुळे. १९७०मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिलवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या परिसरात, टीबीचे काही रुग्ण सापडले, म्हणून २,३२१ सरकारी कर्मचाऱ्यांना खबरदारी म्हणून आयसोनियाझिड सुरू केलं. त्यातल्या १९ जणांना यकृताचा आजार झाला, दोघे दगावले. पुढे अमेरिकेच्या आरोग्य खात्याने अनेक शहरांतल्या सुमारे चौदा हजार लोकांवर नजर ठेवली. विशीच्या आतल्यांना जवळजवळ काहीच त्रास नाही. पन्नास ते चौसष्ट वयाच्या लोकांत मात्र शंभरात दोघांहून अधिक. वय विचारून गोळी देण्याची पद्धत तिथून पडली.

असं का होतं? यकृत या औषधाचा निचरा कुणात भराभर करतं, कुणात रेंगाळत. आधी संशय भराभर निचरा करणाऱ्यांवर गेला. नंतरच्या अभ्यासांत जास्त धोका दुसऱ्या गटालाच निघाला. आणि भारतात निम्म्याहून अधिक लोक या दुसऱ्या गटातले.

एवढं होऊनही २०००च्या सुमारास अमेरिकेत रिफॅम्पिसिन-पायराझिनामाइडचा दोन महिन्यांचा प्रतिबंधक कोर्स शिफारशीत आला. पुन्हा निरोगी माणसं दगावली आणि २००३मध्ये तो देऊ नये असं सांगावं लागलं.

भारतात २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाच्या घरच्यांनाही, टीबी नसल्याची खात्री करून, प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात: सहा महिने आयसोनियाझिड, किंवा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन (रिफॅम्पिसिनच्याच गटातलं औषध), बारा आठवडे. जेवण नकोसं होणं, मळमळ, लघवी गडद पिवळी होणं, यातलं काहीही दिसलं तर डोळे पिवळे व्हायची वाट न पाहता गोळ्या थांबवून डॉक्टर गाठायचा.