मासे मारणारं शैवाल आणि शिंपल्यात साठणारं विष

चिली देशातल्या चिलोए बेटाच्या आसपास 2016 साली समुद्र एकापाठोपाठ दोनदा बिघडला. दोन्ही वेळा कारण एकच सांगितलं गेलं: सूक्ष्म शैवालांचा उद्रेक, म्हणजे 'लाल भरती'. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या जिवांचे उद्रेक होते. त्यांची मारण्याची तऱ्हा वेगळी होती आणि पोटावर पाय पडलेली माणसंही वेगळी होती. ही गल्लत फार महागात पडते, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू.

पहिला उद्रेक फेब्रुवारी-मार्चमधला, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातला. एल निनोमुळे, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, पाऊस कमी, नद्यांतून येणारं गोडं पाणी कमी आणि ऊन कडक. अशा पाण्यात स्यूडोचॅटोनेला नावाचं शैवाल माजलं. ते माशांचे कल्ले खराब करतं, मासा गुदमरतो. मोकळ्या समुद्रातला मासा निसटून जाऊ शकतो, पण सामन मासे जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेले, ते जाणार कुठे? सुमारे 40 हजार टन मासे मेले आणि नुकसानीचा अंदाज 80 कोटी डॉलरपर्यंत गेला. सामन उत्पादनात नॉर्वेच्या खालोखाल चिलीचा नंबर लागतो, त्यामुळे जगभर भाव चढले. ज्या कंपन्यांचे मासे वाचले त्यांना चढा दर मिळाला, काहींचा विमाही होता. मासे साफ करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना यातलं काहीच नव्हतं. कच्चा माल संपला आणि त्यांचं काम सुटलं.

दुसरा उद्रेक एप्रिल-मेमध्ये, बेटाच्या पॅसिफिककडच्या बाजूला. हे शैवाल अलेक्झांड्रियम कॅटेनेला. चिलीत ते नवीन नव्हतं: 1972 मध्ये दक्षिण टोकाला मॅगेलन प्रांतात त्याने माणसं मारली होती आणि 2002 पर्यंत ते चिलोएपर्यंत वर सरकलं होतं. ते सॅक्सिटॉक्सिन हे मज्जातंतूंचं विष तयार करतं. शिंपले दिवसभर गाळणीसारखं पाणी गाळून खातात, तेव्हा हे विष त्यांच्या मांसात साठत जातं. शिनाण्यांसारखे शिंपले बहुतेक वेळा त्याने मरत नाहीत. खडकाला घट्ट चिकटलेले, ताजे, चवीलाही नेहमीसारखेच असतात. माणसाने खाल्ले की ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय, आणि विष जास्त असेल तर श्वास चालवणारे स्नायू थांबतात. उतारा नाही, वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. उकळलं, तळलं, लिंबू पिळलं तरी हे विष जात नाही. शंभर ग्रॅम मांसात 80 मायक्रोग्रॅम ही जगभर मानली जाणारी मर्यादा, आणि ती ओलांडली की नाही हे फक्त प्रयोगशाळा सांगते.

खरा फरक इथे आहे. पहिल्या संकटात नुकसान डोळ्यांसमोर तरंगत असतं: मेलेले मासे मोजता येतात, टनांत सांगता येतात, विम्याच्या अर्जात लिहिता येतात. दुसऱ्यात माल शाबूत दिसतो, पण विकायला बंदी. पाणी स्वच्छ झालं तरी बंदी लगेच उठत नाही, कारण काही शिंपल्यांतलं विष काही आठवड्यांत उतरतं, तर काहींत महिनोन्महिने राहतं. ओहोटीला शिंपले वेचून रोजचा खर्च भागवणाऱ्या माणसाकडे विमा नसतो, हिशेबाची वही नसते, आणि 'झालेलं नुकसान' म्हणून दाखवायला हातात काही नसतं. चिली सरकारने सुरुवातीला देऊ केलेली मदत होती एक लाख पेसो, तेव्हाचे जेमतेम दीडशे डॉलर. मे महिन्यात मच्छीमारांनी रस्ते अडवले, बेटाला मुख्य भूमीशी जोडणारी फेरी वाहतूक रोखली, आणि चिलोए बरेच दिवस तुटलं. मला त्यांचा राग पूर्ण समजतो.

त्या रागात आणखी एक गाठ होती. मार्चमध्ये कुजलेल्या सामनपैकी साडेचार हजार टनांहून जास्त माल सरकारच्या परवानगीने समुद्रात, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर टाकला गेला होता. चिलोएच्या पॅसिफिककडच्या किनाऱ्यावर, कुकाओच्या पुळणीवर, माचा जातीच्या शिंपल्यांचे ढीग येऊन पडले, तेव्हा लोकांनी सरळ अर्थ लावला: हे त्या कुजक्या माशांमुळेच. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने हा संबंध नाकारला, काही संशोधक आणि संघटनांना तो निकाल पटला नाही. पुढे 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मासे टाकू देणाऱ्या सरकारी यंत्रणांना दोषी धरलं. दुसरा उद्रेक मासे टाकल्यामुळे झाला की नाही, हा प्रश्न वेगळा; परवानगी देताना पुरेशी काळजी घेतली का, हा वेगळा. दुसऱ्याचं उत्तर न्यायालयाने दिलं, पण ते पहिल्याचंच उत्तर समजून सांगितलं जातं.

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार परके नाहीत. कोकणात हल्ली थंडीच्या सुरुवातीला रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोक गाड्या काढून बघायला जातात, ते नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवामुळे. ते सॅक्सिटॉक्सिन बनवत नाही. फार माजलं तर पाण्यातला प्राणवायू कमी होतो, अमोनिया वाढतो, आणि त्रास माशांना होतो. उलट केरळात विळिंजमला 1997 मध्ये शिनाणे खाऊन सात माणसं दगावली आणि शेकडो इस्पितळात गेली. मंगळूरजवळ 1983 मध्ये तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांनी असंच झालं होतं. चमकणाऱ्या पाण्याची बातमी होते, शिंपल्यातल्या विषाची आधी कुणकुणही लागत नाही. पाण्याचा रंग बघून तिसऱ्या, मुळे किंवा कालवं खायची की नाही हे ठरवणं म्हणूनच धोक्याचं. ती खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत ओठांना मुंग्या आल्या, जीभ जड झाली, तर ॲसिडिटी म्हणून घरी थांबू नका. थेट मोठ्या इस्पितळात जा, काय खाल्लं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि उरलेलं कालवण फेकून न देता तपासणीसाठी सोबत न्या.