नवा कॅमेरा, उजेड तोच

निकॉनचा डी९० ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झाला. १२.३ मेगापिक्सेल, अकरा फोकस पॉइंट, आणि व्हिडिओ काढणारा जगातला पहिला डीएसएलआर, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. व्हिडिओ कसला, एचडीमध्ये एका वेळी जेमतेम पाच मिनिटांचा तुकडा. पण तेव्हा त्याचंही अप्रूप होतं. कासच्या पठारावर किंवा भिगवणच्या नावेत हौशी मंडळींच्या गळ्यात तो हमखास दिसायचा. त्यातले बरेच अजून चालू आहेत. आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या कंपूतल्या एका काकांकडे असाच एक आहे, ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स लावलेला. सध्या ते नव्याच्या शोधात आहेत. त्यांचा बेत ठरलेला: "घ्यायचाच आहे तर फुल फ्रेमच घेतो. लेन्स आहेच, बॉडीवर सगळे पैसे घालतो." फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा, उजेड टिपणाऱ्या मोठ्या चिपचा कॅमेरा. बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसासाठी हा हिशेब जवळजवळ उलटा आहे, आणि तो का उलटा हे कळायला आधी फोटोतल्या दाण्यांकडे बघावं लागतं.

पहाटेच्या फोटोत दिसणारे दाणे, ज्याला सगळे 'नॉइज' म्हणतात, ते कॅमेरा जुना किंवा हलका असल्यामुळे येतात असा सर्रास समज आहे. थोडे येतातही. मोठा वाटा मात्र उजेडाच्या अंगचाच असतो. प्रकाश सुट्या कणांनी येतो आणि हे फोटॉन काही शिस्तीत, ठरावीक अंतराने येत नाहीत. वळवाचे पहिले थेंब अंगणात पडतात तेव्हा एका फरशीवर सात, शेजारच्या फरशीवर चार, असं होतंच. फरशांचा त्यात काही दोष नसतो. पिक्सेलचंही, म्हणजे सेन्सरवरच्या उजेड मोजणाऱ्या बारीक कप्प्यांचंही, तसंच. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील, तर प्रत्यक्ष आकडा साधारण त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे शंभराने, कमीजास्त होतो. एक टक्का. डोळ्याला कळतही नाही. सरासरी १००च पडणार असतील तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. मग खंड्याच्या पाठीवरचा तो सुंदर निळा रंग खरखरीत दिसायला लागतो.

आयएसओ वाढवून यात काडीचा फरक पडत नाही. आयएसओ म्हणजे गोळा झालेला सिग्नल मोठा करून दाखवणं. शंभर फोटॉनचे दोनशे होत नाहीत. शंभरांतला चढउतारच ठळक होतो.

मग नवा सेन्सर जास्त फोटॉन पकडत नाही का? पकडतो, पण किती? सेन्सरवर येणाऱ्या शंभर फोटॉनपैकी किती मोजले जातात, याला वरची मर्यादा शंभराचीच आहे, आणि २००८चे सेन्सरही त्यातले बऱ्यापैकी मोजत होते. त्यात रंगांचा कर वेगळा. सिलिकॉनला रंग कळत नाहीत, म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी सुचवलेल्या या मांडणीला १९७६ साली पेटंट मिळालं आणि आजही जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात तीच आहे. लाल गाळणीखालच्या पिक्सेलला हिरवा आणि निळा प्रकाश फेकूनच द्यावा लागतो. थोडक्यात, गेल्या पंधरा-सतरा वर्षांत या बाबतीत प्रगती झाली, पण ती जाहिरातीतल्या आयएसओच्या आकड्यांएवढी खचितच नाही. आकडे कुठल्या कुठे गेले. फोटॉन गोळा करण्याची ताकद त्यामानाने थोडीच वाढली.

आता फुल फ्रेमची गोष्ट. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. डी९०मधला छोटा सेन्सर, ज्याला एपीएस-सी म्हणतात, साधारण ३७०. दुपटीहून मोठा फरक. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा राजगडाच्या माचीवर हा फरक खरा ठरतो, कारण तिथे आपण दृश्याने फ्रेम भरतो: दोन पावलं पुढे सरकतो, नाहीतर लांब फोकल लेंग्थ, म्हणजे दृश्य जवळ ओढणारी लेन्स, वापरतो. मोठी फ्रेम भरली की उजेडही जास्त गोळा होतो.

खंड्याजवळ दोन पावलं पुढे सरकून बघा. उडाला.

म्हणून काकांच्या खंड्याचं गणित मांडतो. पक्षी २८ सेंटिमीटरचा, अंतर २० मीटर, लेन्स ३०० मिलिमीटरला ताणलेली. सेन्सरवर त्याची प्रतिमा पडेल साधारण ४.२ मिलिमीटरची. हा आकार लेन्स आणि अंतर ठरवतात. मागे सेन्सर केवढा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. डी९०चा एक पिक्सेल ५.५ मायक्रॉनचा, म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ७६० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, म्हणजे ७०० पिक्सेल. भरपूर पैसे मोजून खंड्या चक्क लहान झाला. बाकीच्या फ्रेममध्ये येणार काय, तर आणखी थोडं पाणी आणि आणखी थोडा गाळ. उलट २१ मेगापिक्सेलच्या, तुलनेने स्वस्त एपीएस-सी बॉडीत पिक्सेल ४.२ मायक्रॉनचा, म्हणजे तोच खंड्या हजार पिक्सेलचा.

आणि त्या खंड्याकडून आलेला उजेड? तो लेन्सच्या तोंडावर ठरतो. ३०० मिलिमीटरला एफ/५.६ म्हणजे ३०० भागिले ५.६, सुमारे ५४ मिलिमीटर व्यासाचं भोक. ३०० एफ/४ची लेन्स लावली तर व्यास ७५ मिलिमीटर. क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, फोटॉन जवळजवळ दुप्पट. काकांनी बॉडीवर घालायचे ठरवलेले पैसे लेन्सवर घातले, तर जुन्या डी९०लासुद्धा हा फायदा त्याच दिवशी मिळेल. लेन्स विकणाऱ्या दुकानदारांशी माझं काही साटंलोटं नाही. भूमितीच तशी आहे.

मेगापिक्सेलबद्दल दोनच वाक्यं. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने छापायला ८७ लाख पिक्सेल पुरतात, तेवढे डी९०कडेही आहेत. जास्तीचे पिक्सेल कामी येतात ते दूरचा पक्षी क्रॉप करताना. आणि फुलांचे क्लोजअप काढणाऱ्यांनी एफ/११च्या पलीकडे गेल्यावर त्यांचा फार भरवसा धरू नये, कारण तिथे विवर्तनामुळे, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाश फाकल्यामुळे, प्रकाशाचा प्रत्येक ठिपकाच १५ मायक्रॉनच्या घरात पसरतो.

मग या वर्षांत कॅमेऱ्यात बदललं तरी काय? बरंच बदललं, पण फोटॉन पकडण्यात कमी आणि पकडल्यानंतर जास्त.

एक म्हणजे सावल्या. जुन्या अनेक कॅमेऱ्यांत पिक्सेलचा नाजूक सिग्नल सेन्सरच्या बाहेर नेऊन मग त्याचे आकडे केले जात, आणि वाटेत तो इलेक्ट्रॉनिक्सची खरखर उचलत असे. पुढे हे काम करणारी हजारो छोटी सर्किटं सेन्सरवरच, पिक्सेलच्या प्रत्येक उभ्या ओळीखाली एक, अशी बसू लागली. म्हणून आजच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, झाडाखालचा काळोख दोन-तीन स्टॉपने (दर स्टॉपला दुप्पट) उजळवला तरी त्यात पट्टे उमटत नाहीत.

दुसरा बदल ऑटोफोकसचा, आणि माझ्या मते जुना कॅमेरा बदलायला हे एकच कारण पुरेसं आहे. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर आदळून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून थोडा उजेड मागच्या छोट्या आरशावर पडून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरकडे वळतो. तिथे लेन्सच्या डाव्या आणि उजव्या बाजूने आलेल्या दोन प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत हे मोजलं जातं, आणि त्यावरून लेन्स कुठल्या दिशेला किती फिरवायची ते ठरतं. युक्ती झकास आहे. अडचण एवढीच, की मोजणी एका जागी होते आणि फोटो दुसऱ्या जागी पडतो. ही दोन अंतरं केसभरही चुकली तर डोळ्याऐवजी शेपटी शार्प येते. शिवाय अकरा पॉइंट फ्रेमच्या मधल्या भागात दाटलेले. घारीने सूर मारला की ती त्यांच्या बाहेर.

मिररलेसमध्ये आरसाच नाही. फोकसची मोजणी फोटो काढणाऱ्या सेन्सरवरच, त्यातल्या खास पिक्सेलनी होते, जवळजवळ कडेपर्यंत. फुजीफिल्मने २०१० साली एका कॉम्पॅक्टमध्ये हे आणलं. कॅननने २०१३ साली ७०डीमध्ये प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना, तेच काम अधिक नीट केलं. सेन्सर सतत चित्र बघतो आहे म्हटल्यावर त्या चित्रात काय आहे हे ओळखणं ही पुढची पायरी होती. असंख्य फोटोंवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क आता फांद्यांच्या जाळीतून पक्ष्याचा डोळा शोधतं आणि धरून ठेवतं. २०२० नंतरच्या बऱ्याच बॉडींत ही सोय आहे, पण सगळ्यांत नाही. 'ॲनिमल आय' लिहिलंय म्हणजे पक्षी आलेच असं समजू नका. काहींना फक्त कुत्री-मांजरंच ओळखता येतात.

तिसरा बदल सेन्सर वाचण्याच्या वेगाचा. मेकॅनिकल शटरशिवाय, आवाज न करता फोटो काढताना सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. तो सावकाश वाचत असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पक्ष्याचा पंख हललेला असतो आणि फोटोत तो रबरासारखा वाकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. त्या उजेडात असे फोटो आडव्या पट्ट्यांचे येतात. सोनीने २०१७ साली ए९मध्ये सेन्सरच्या पाठीशीच मेमरी जोडून वाचन पुष्कळ वेगवान केलं, आणि २०२३च्या ए९-३मध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारा सेन्सर आणला. तो घ्यायला काकांना फ्लॅटवर कर्ज काढावं लागेल. पण मधल्या किमतीच्या बॉडींतही वाचनवेगात मोठी तफावत आहे, आणि ती खोक्यावर छापलेली नसते.

मोबाइलचं काय, असा प्रश्न येणारच. मोबाइल लहान सेन्सरची कसर अनेक फोटो एकावर एक रचून भरून काढतो. नऊ रचले तर दाणे एक तृतीयांश होतात. पुन्हा तेच वर्गमूळ. जेवणाचं ताट, घरचा गणपती, गडावरचं दृश्य यांसाठी तो पुरतो, आणि लोकांनी ते ओळखलंही: जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले गेले, २०२३ साली ८० लाखही नाहीत. उडत्या खंड्याचे नऊ फोटो रचता येत नाहीत, म्हणून आपण अजून कॅमेऱ्याबद्दल बोलतोय.

आधी एकदा जुना खरंच म्हातारा झालाय का ते बघा. लेन्सला टोपी लावून, अंधारात, तीस सेकंदांचा एक फोटो काढा. मोठा करून पाहिल्यावर चार-दोन लाल-निळे ठिपके दिसले तर चिंता नको, ते वयाबरोबर वाढतातच. नक्षत्रं दिसली तर मात्र बदलायची वेळ झाली. शटरलाही आयुष्य असतं. डी९०चं एक लाख वेळा उघडझाप करून तपासलेलं होतं, आणि झालेल्या उघडझापींचा आकडा निकॉनच्या फोटो फाइलमध्ये लपलेला सापडतो. लेन्स तपासायची तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर फंगस. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सना तो हटकून धरतो आणि काचेवरचं कोटिंग खातो. अशी लेन्स नव्या बॉडीवर लावण्यात अर्थ नाही, आणि सेकंडहँड घेताना तर टॉर्च खिशात असायलाच हवा.

जुन्या चांगल्या लेन्स टाकायच्या नाहीत. निकॉनचा १९५९ पासूनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स अडकवायची कडी, सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर आहे, नवा झेड माउंट १६ मिलिमीटरवर, मधल्या ३०.५ मिलिमीटरमध्ये अडॅप्टर बसतो. आत मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स त्यावर ऑटोफोकस करतात, काकांची ७०-३००ही त्यातलीच. बॉडीतल्या स्क्रूने फिरणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स मात्र निकॉनच्या या अडॅप्टरवर हातानेच फोकस कराव्या लागतात. त्या असतील तर ती किंमतही हिशेबात धरा.

काकांना मी सुचवलंय ते असं: पक्ष्याचा डोळा ओळखणारी एपीएस-सी बॉडी, अडॅप्टर, आणि उरलेल्या पैशांतून सेकंडहँड ३०० एफ/४, तीही एएफ-एसच. ते अजून फुल फ्रेमच्या यूट्यूब व्हिडिओंत अडकलेत. शनिवारी दुकानात जायचं ठरलंय. बरोबर त्यांची लेन्स आणि एक रिकामं मेमरी कार्ड न्यायचं, सायलेंट शटर लावून दुकानातल्या फिरत्या पंख्याचा फोटो काढायचा, आणि पाती किती वाकली ते काउंटरवरच मोठं करून बघायचं.