कॅल्शियम वेगळं, डी३ वेगळं

मागच्या रविवारी नागपुरातल्याच मानेवाड्याहून एक ताई त्यांचं कासव टोपलीत घालून माझ्याकडे घेऊन आल्या. तीन वर्षांचं सल्काटा, म्हणजे आफ्रिकेतलं जमिनीवरचं कासव, वजन जेमतेम किलोभर. मी त्याच्या पाठीच्या कडेला अंगठ्याने हलकेच दाबलं, तर कवच आत गेलं आणि परत वर आलं, प्लास्टिकच्या डब्याचं झाकण दबावं तसं. या वयात ते दगडासारखं लागायला हवं. ताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, "पण मी कॅल्शियम रोज देते ना जी! एक दिवस चुकवत नाही." आणि ते खरं होतं. पावडरचा तिसरा डबा संपत आला होता.

"कॅल्शियम देतो ना" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. कासवाचं कवच मऊ पडलं, पाय फरफटायला लागले, की जो तो कॅल्शियमचं माप वाढवतो. दहांतल्या बहुतेक घरांत कॅल्शियम पुरेसं असतं, कमी पडतं ते डी३ जीवनसत्त्व. डब्यावर दोन्ही नावं शेजारी छापलेली असतात, म्हणून ती एकच वस्तू आहे असं लोकांनी धरून ठेवलंय. ती एक नाही.

आधी कासव कोणतं ते सांगते, कारण मराठीत जमिनीवरच्यालाही कासव म्हणतात आणि पाण्यातल्यालाही. काचेच्या टाकीत पोहणारं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं ते पाण्यातलं. त्याचा आहार वेगळा, त्याच्याबद्दल मी इथे बोलत नाहीये. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं भारतीय स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कोणी वास्तूसाठी आणलं असेल तर ते वनविभागाकडे द्या, सेमिनरी हिल्सला त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. मी बोलतेय ते आफ्रिकेतल्या सल्काटासारख्या, पूर्ण शाकाहारी, जमिनीवरच्या कासवाबद्दल. तेही पाळत असाल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ती केली नसेल तर आधी ती करा.

कॅल्शियम काय असतं हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. पांढरी पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखं काढलं तरी तेच. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्यात टाकला तर कासव स्वतःच कुरतडतं, मला तोच सगळ्यांत आवडतो. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून तीन-चारदा चिमूटभर, मोठ्याला एक-दोनदा, बास.

फक्त दोन गोष्टी सोडवत नाहीत. पहिली, चुना. "गव्हाएवढा चुना चाटवा" असा सल्ला माणसांसाठी फिरतो आणि मग कासवापर्यंत पोचतो. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. कासवाला अजिबात देऊ नका. दुसरी, गुरांचं लिक्विड कॅल्शियम. दुभत्या गायीसाठी बनवलेल्या त्या बाटलीत कॅल्शियमसोबत फॉस्फरसही असतो. कासवाच्या पोटात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दीडपट-दुप्पट गेलं पाहिजे. त्यासाठीच केळं आणि टमाटर रोज देऊ नका म्हणतात. केळ्याच्या शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम पाच मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस बावीस. पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण त्यातलं ऑक्झलेट ते धरून ठेवतं. हरळी, जास्वंदाची पानं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग, हे रोजचं जेवण. मैदानातून गवत उपटून आणता तेव्हा त्यात गाजरगवत येत नाही ना, तेवढं बघा. आहाराचं एवढं पुरे.

आता डी३. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे ट्रक रात्रीच येऊन लागलेत आणि सकाळी हमालच आले नाहीत, तर माल ट्रकमध्येच सडतो. गाड्या दुप्पट बोलावून काय उपयोग? आतड्यातून कॅल्शियम उचलून रक्तात नेण्याचं काम डी३ करतं. ते नसेल तर तुम्ही टाकलेली पावडर बरीचशी विष्ठेतून बाहेर जाते. इकडे हृदयाला, स्नायूंना रक्तात ठरावीक कॅल्शियम लागतंच. मग शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढायला लागतं. मानेवाड्याच्या त्या कासवाचं हेच झालं होतं. ताट भरलेलं आणि हाडं रिकामी.

डी३ हे मुळात खाण्याचं जीवनसत्त्व नाहीच, ते उन्हाचं आहे. कासवाच्या कातडीत एक कच्चा पदार्थ असतो. त्यावर उन्हातले २९० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्हीबी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले की तो बदलतो, अंगाच्या उबेने त्याचं डी३ होतं, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला वापरण्याजोगं करतात. उजेड हवा, आणि ऊबही हवी. दोन्हींपैकी एक असून भागत नाही.

इथे मला हमखास विचारलं जातं, "काहून जी, नागपुरात उन्हाची कमी हाय का?" नाही. पण ऊन दिसणं वेगळं आणि यूव्हीबी अंगावर पडणं वेगळं. मीसुद्धा इथेच फसले होते. माझं पहिलं कासव मी गॅलरीत ठेवलं होतं. स्लायडिंगच्या काचेतून सकाळपासून ऊन यायचं, फरशी तापायची, कासव मान ताणून उन्हात पसरायचं. ज्यांच्याकडून पावडर घेत होते त्या दुकानदारानेही सांगितलं होतं, एवढं ऊन बस झालं. आठ महिन्यांनी त्याला मागचे पाय उचलता येईनात. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा मला मांडीचं हाड शोधावं लागलं, इतकं ते फिक्कं आलं होतं. साध्या खिडकीच्या काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण यूव्हीबी जवळपास सगळाच अडतो. पॉलिकार्बोनेटच्या शीटचंही तेच. उन्हाळ्यात आपण गच्चीवर बांधतो ती हिरवी नेट मात्र पूर्ण अडवत नाही, तिच्यातून काही भाग गाळून येतो, म्हणून ती चालते.

मग काचेबाहेर काढा, पण कधी? "सकाळचं कोवळं ऊन" हे उत्तर पाठ झालेलं आहे आणि ते अर्धंच बरोबर आहे. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरणांना हवेचा जाड थर तिरका कापत यावं लागतं, त्यात यूव्हीबी गळून जातो. सात वाजता दिसतं ते सोनेरी ऊन छान असतं, कासव त्यात अंग शेकून घेतं, पण त्यातून डी३ फारसं बनत नाही. माझं माप सोपं आहे: स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीएवढी किंवा त्याहून आखूड झाली की ऊन कामाचं. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारास सावली आपल्या उंचीएवढी होते. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीच ती तेवढी होते. म्हणजे थंडीत कासव दुपारी बारा-एकला बाहेर काढायचं, आणि उन्हाळ्यात साडेआठ ते साडेनऊ.

उन्हाळ्यात त्याच्या पुढे एक मिनिट नाही, हे मी हात जोडून सांगते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गच्चीची टाइल्स आपल्या तळव्याला सहन होत नाही. कासवाला घाम येत नाही. ते स्वतःला गार करतं ते मुख्यतः सावलीत जाऊन, आणि ती सावलीच तुम्ही ठेवली नसेल तर तासाभरात जीव जातो. उघड्या टबात ठेवून "ऊन खाऊ दे" म्हणत कामाला लागणं हा माझ्या मते सगळ्यांत वाईट प्रकार आहे. अर्धी जागा उन्हात, अर्धी दाट सावलीत, खाली माती, आणि एका उथळ परातीत पाणी. यातलं एकही कमी असेल तर बाहेर काढू नका.

घरातच ठेवावं लागत असेल तर दिवा लागतो, आणि दिव्यांचा घोळ तर विचारू नका. शंभर वॉटचा पिवळा बल्ब ऊब देतो, यूव्हीबी देत नाही. एलईडी तर ऊबही देत नाही. डास मारायच्या जाळीतला जांभळा दिवा यूव्हीए, त्याचा इथे उपयोग नाही. एका मुलाने पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही ट्यूब काढून लावली होती. ती २५४ नॅनोमीटरची यूव्हीसी असते, जंतू मारायला. तिच्यापुढे कासवाचे डोळे जातील, आणि तुमचेही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची, यूव्हीबी लिहिलेली ट्यूबच हवी, आणि कासव आणि ट्यूब यांच्यामध्ये काच नको. शिवाय ट्यूब पेटलेली दिसते म्हणून यूव्हीबी शिल्लक आहे असं नाही. सहा महिने ते वर्षभरात तो उतरतो, उजेड मात्र तसाच राहतो. लावल्याची तारीख पट्टीवर लिहून ठेवा.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. डी३ कमी आहे म्हटल्यावर लोक घरातलं सॅशे काढतात. आपल्याकडे आई-बाबांपैकी कोणाला तरी डॉक्टरांनी आठवड्याला एक म्हणून लिहून दिलेलं असतंच, एक ग्रॅमची पुडी, दुधातून घ्यायची. "चिमूटभरच दिलं" असं मला तीन वेगवेगळ्या घरांनी सांगितलं आहे. त्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात. माणसांच्या कॅल्शियमच्या नेहमीच्या पाचशेच्या गोळीत डी३ असतं २५० युनिट. एका पुडीत अशा २४० गोळ्यांचं डी३. त्यातली चिमूट म्हणजेही काही हजार, आणि समोर जीव एक किलोचा.

हाच फरक लोकांच्या लक्षात येत नाही. कॅल्शियम थोडं जास्त पडलं तर बरंचसं बाहेर टाकलं जातं. पाणी कमी मिळालं तर खडे होऊ शकतात, हे खरं, पण भीती मर्यादित आहे. डी३ चरबीत साठतं. जास्त झालं की ते लघवीतून निघून जात नाही, आठवडेच्या आठवडे कॅल्शियम ओढत राहतं, आणि ते हाडांत न बसता रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात जमतं. उन्हाचं असं होत नाही. कातडीत पुरेसं तयार झालं की पुढचं ऊन त्या कच्च्या मालाचे निरुपयोगी पदार्थ करून टाकतं, म्हणून उन्हातून डी३चा अतिरेक होत नाही. डब्यातून आणि पुडीतून होतो. त्यातून दुर्दैव असं की अतिरेक झालेलं कासवही सुस्त पडतं, खाणं सोडतं, अगदी कमतरता असलेल्यासारखंच. घरचे म्हणतात अजून कमीच आहे, आणि अजून एक चिमूट घालतात. बाहेरून बघून हे कोणालाच सांगता येत नाही. रक्त तपासा, एक्स-रे काढा.

म्हणून माझा नियम ठाम आहे. कासवाला खरं, काचेविना ऊन मिळत असेल तर पावडर बिनडी३ची घ्या. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा, पुढच्या चित्रावर जाऊ नका. ऊनही नाही आणि ट्यूबही नाही अशा दिवसांतच सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची डी३ असलेली पावडर, आठवड्यातून एकदा-दोनदा, आणि तीही डॉक्टरांना कासवाचं वजन सांगून. सोबत मल्टिव्हिटॅमिनची इंजेक्शनं कोणी सुचवली तर थांबा, अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने कासवांची कातडी सोलून निघते.

पाठीवर उंचवटे आले की तेही कॅल्शियमच्या नावावर घातले जातात. सल्काटांवरच्या २००३ च्या अभ्यासात त्या उंचवट्यांशी सर्वांत जास्त संबंध हवेतल्या कोरडेपणाचा दिसला. पिल्लाला रोज कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, लपायच्या जागेतली माती ओलसर ठेवा. कूलरच्या खोलीत ठेवलं तरी चालेल, फक्त थेट झोतात नको.

त्या ताईंच्या कासवाला गुरुवारपासून रोज पाऊण तास हिरव्या नेटखाली ठेवायला सुरुवात झाली आहे. औषध डॉक्टरांनी ठरवून दिलंय. कवच घट्ट व्हायला महिने लागतील, आणि जे हाड वाकलं ते वाकलेलंच राहील, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात कासवाचे दोन डबे आहेत. एकावर काहीच लिहिलेलं नाही. दुसऱ्यावर मी लाल स्केचपेनने लिहून ठेवलंय: "डी३. फक्त जुलै-ऑगस्ट, आठ-आठ दिवस ढग असतील तेव्हा." आणि आईची पुडी मी वरच्या फळीवर, कुलपात ठेवते.