शाळा-आरक्षण

शाळा-आरक्षण : (नगररचना). पुढे होणाऱ्या वस्तीचा अंदाज बांधून विकास योजनेत शाळांसाठी राखून ठेवलेली जमीन. महाराष्ट्रात यास प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चा आधार आहे.

‘इतक्या वस्तीला एक शाळा’ हे माप मूळ कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. श्रेय बहुधा अमेरिकन नियोजनतज्ज्ञ क्लॅरेन्स पेरी यांना दिले जाते. न्यूयॉर्कच्या प्रादेशिक योजनेसाठी १९२९ मध्ये त्यांनी ‘शेजार-घटक’ मांडला : एका प्राथमिक शाळेला पुरेल एवढी, साधारणतः ५,००० ते ६,००० लोकांची वस्ती, शाळा मध्यभागी, मुलांना हमरस्ता ओलांडावा लागू नये अशी आखणी. काही अभ्यासक शिकागोचे वास्तुशिल्पज्ञ विल्यम ड्रमंड यांच्याकडे बोट दाखवतात. तेथील सिटी क्लबने १९१३ च्या सुमारास घेतलेल्या स्पर्धेतील त्यांच्या आराखड्यात असा घटक आढळतो. कल्पनेपुरता ड्रमंड यांचा अग्रमान मानण्यास हरकत नाही. मात्र वस्तीचा आकार शाळेच्या पटावरून ठरवण्याचे सूत्र पेरी यांचेच दिसते, आणि शाळा-आरक्षणाच्या दृष्टीने तेच मोलाचे आहे.

चंदीगढचे सेक्टर व नवी मुंबईची आखणी याच विचाराच्या वळणावरची. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ५,००० लोकसंख्येस एक प्राथमिक व ७,५०० लोकसंख्येस एक उच्च माध्यमिक शाळा धरली आहे.

आरक्षण पडले म्हणजे शाळा झाली असे नव्हे. अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाचे पाऊल न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती; ती पुढे बारा व २०१५ नंतर चोवीस महिने झाली. नुसता प्रस्ताव पाठवणे म्हणजे ‘पाऊल’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणी २००७ मध्ये बहुमताने ठरवले. व्यपगत झालेला भूखंड शेजारच्या जमिनीप्रमाणे विकासास मोकळा होतो. तेथे घरे उठली, तर मुले वाढतात आणि शाळेची जागाही जाते. हे नुकसान पुढे भरून काढणे फार कठीण.

मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आरक्षित जमिनीच्या मालकाला रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसऱ्या भूखंडावर जादा बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क, दिला. जमीन त्यामुळे पालिकेकडे आली, परंतु हा हक्क बेट-शहरात (मुंबईच्या दक्षिणेकडील जुन्या भागात) वापरता येत नसे. तो उपनगरांत, मूळ भूखंडाच्या उत्तरेकडे वापरला जाई. म्हणजे एका ठिकाणच्या शाळेच्या जागेपोटी दुसरीकडे जादा मजले चढले. त्या जादा कुटुंबांची गणती तेथील आरक्षणांत नव्हती.

शिक्षण हक्काच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किमी. व सहावी ते आठवीसाठी ३ किमी. अंतर आहे. अंतर जुळले, तरी पहिलीच्या वर्गात जागा असेलच असे नाही. अमेरिकेत मेरिलंडमधील माँटगोमेरी काउंटीने १९७३ च्या अध्यादेशाने घरबांधणीची मंजुरीच सार्वजनिक सुविधांच्या क्षमतेशी जोडली. शाळा त्यांत येतात. शाळा भरल्या की काही भागांत नव्या घरांना मंजुरी थांबे.

नव्या गृहसंकुलात तरुण कुटुंबे एकदम राहायला येतात. त्यामुळे बालवाडी व पहिली आधी भरते, दहावीचा ताण बऱ्याच वर्षांनी येतो, आणि तोवर खालचे वर्ग ओसरू लागलेले असतात.