उकेमी

उकेमी : ज्यूदो, जुजुत्सू, आयकिडो इ. जपानी युद्धकलांत इजा न होता पडण्याची पद्धत. जो फेकला जातो तो ‘उके’. ज्यूदोत फेकणाऱ्यास ‘तोरी’ म्हणतात. नवशिक्यास डावांच्या आधी उकेमी शिकवतात. पडण्याची भीती घालवण्याचा मुख्य उपायही तीच.

उकेमीचा उगम जुजुत्सूच्या उगमाशी निगडित असून तो वादग्रस्त आहे. एका मतानुसार मिंग राजवटीच्या अखेरच्या काळात जपानात आलेला चिनी विद्वान छन युआनयुन (जपानी उच्चार चिन गेन्पिन, १५८७–१६७१) याने एडो (आजचे टोकिओ) येथील एका मंदिरात तीन रोनिनांना (धनी नसलेल्या सामुराईंना) झोंबीची तंत्रे दाखविली व तेथून जुजुत्सू निघाले. एडोतील अटागो टेकडीवरील शिलालेखाचा यास आधार देतात. तथापि ताकेनोउची ही जुजुत्सूची परंपरा आपली स्थापना १५३२ सालची सांगते. हे वर्ष काटेकोर न मानले, तरी चिन गेन्पिन येण्यापूर्वी जपानात झोंबीच्या परंपरा होत्या, असे दिसते. ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो (१८६०–१९३८) व टी. लिंडसे यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस एका निबंधात चिनी उगमाचे मत नाकारले. त्यांचेच म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. तीन रोनिनांपैकी फुकुनो याचे नाव कितो परंपरेशी जोडले जाते, आणि कानोंनी तेन्जिन शिन्यो व कितो या दोन परंपरा शिकूनच १८८२ मध्ये टोकिओत कोदोकान या ज्यूदो-संस्थेची स्थापना केली. त्यामुळे ज्यूदोच्या इतिहासात हा वाद वारंवार डोके वर काढतो.

मागे (उशिरो), कुशीवर (योको) व पुढे (माए) पडणे आणि खांद्यावरून तिरपी कोलांटी घेणे, हे प्रमुख प्रकार होत. हनुवटी छातीकडे ओढणे, पाठ गोल ठेवणे व श्वास सोडणे हे मागील पडण्यात अत्यावश्यक. हाताने ततामीवर (सरावाच्या चटईवर) आपटण्याविषयी मात्र मतभेद आहेत. आपटण्याने आघात ‘शोषला जातो’ असे बहुतेक शिक्षक सांगतात. नेदरलँड्समधील नेमेगेन येथील प्रयोगांत कुशीवर पडताना युद्धकलेच्या पद्धतीने लोळल्यास खुब्यावरील आघात चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे दिसले. हात वापरला वा न वापरला, फरक किरकोळच होता. आपटण्याचा खरा उपयोग वेगळा असावा. तोल जाताच हात पुढे टेकण्याची प्रतिक्रिया बाळाच्या पहिल्या वर्षात येते व आयुष्यभर टिकते. तिच्यामुळे सारा भार मनगटावर येतो. मनगट वा गळपट्टीचे हाड मोडते. हाताला शरीराच्या बाजूला, ठरलेल्या कोनात काम दिले, की तो टेकायला धावत नाही.

भीतीचे स्वरूपही यातून उलगडते. घाबरलेला शिकाऊ श्वास रोखतो, अंग ताठ करतो, मान वळवून मागे पाहतो किंवा तोरीच्या बाहीला लोंबकळतो व त्यालाच अंगावर ओढून घेतो. या हालचालींनीच इजेचा धोका वाढतो. ‘घाबरू नकोस’ या सूचनेचा उपयोग जवळजवळ नसतो, कारण प्रतिक्रिया विचारापेक्षा जलद असते. तिच्या जागी दुसरी सवय बसवावी लागते. म्हणून आरंभ आडवे पडून हात आपटण्यापासून होतो. मग उकिडवे बसून, उभ्याने, गुडघे व हात टेकलेल्या जोडीदारावरून आणि शेवटी फेकले जाऊन पडतात. मागे पडण्याचे भय विशेष टिकते, कारण जमीन दिसत नाही. उंची घाईने वाढवल्यास गेलेली भीती परतते. फेकताना तोरीने उकेची बाही वर ओढून धरणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे, पण त्याकडे दुर्लक्ष होते.

भीती सर्वस्वी निराधार नसते. ओसोतोगारी या डावात उके थेट मागे आदळतो. डोके जोराने हिसकले गेल्यास मेंदूभोवतीच्या शिरा फाटून रक्तस्राव होऊ शकतो. जपानमध्ये २०१२ पासून कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकला अनिवार्य झाल्या, तेव्हा शालेय ज्यूदोतील डोक्याच्या इजांची मोठी चर्चा झाली. मागील उकेमी पक्की होईपर्यंत नवशिक्यावर हा डाव न टाकणे हेच सुरक्षित होय.